शेवाळावर उतारा शेवाळाचाच

पाल भागातलं सुरत महापालिकेचं जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ साली लोकांसाठी खुलं झालं. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांतल्या मराठी घरांत जळगाव-धुळ्याहून पाहुणे आले, की डुमसच्या टोमॅटो भज्यांच्या जोडीला आता हेही दाखवून आणतात. गंमत अशी, की ज्या बोसांचं नाव या वास्तूला आहे त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं वनस्पतींच्या हालचाली मोजण्यात घालवली, आणि आपण तिथे जाऊन पाहतो ते फक्त मासे. टाकीतल्या हिरव्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ज्याच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे त्याचं मात्र जातं, आणि रागानेच जातं. टाकी लावून काही महिने झाले की काचेवर हिरवट पापुद्रा धरतो, दगडांवर मऊ धागे लोंबायला लागतात. रविवारची सकाळ काच घासण्यात जाते. अशात कुणी जाणकार सांगतो, "टाकीत शेवाळ वाढवा." त्यावर उलट प्रश्न ठरलेला: "जे खरवडून काढतोय तेच मुद्दाम वाढवू? हा कुठला उपाय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर आधी हे शेवाळ खातं काय ते पाहायला हवं.

१. टाकीत खत कुठून येतं?

माशाला रोज चिमूटभर दाणे टाकता. त्या दाण्यांत प्रथिनं असतात, प्रथिनांत नायट्रोजन असतो. त्यातला काही भाग माशाच्या अंगी लागतो आणि बाकीचा कल्ल्यांतून अमोनिया होऊन बाहेर पडतो. अमोनिया माशांना विषारी. पण दगडांवर आणि वाळूत राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट तितकं जहाल नसतं, म्हणून आपण निश्चिंत होतो. खरी गोम इथेच आहे. ते नायट्रेट जातं कुठे? जवळपास कुठेच नाही. टाकीतच साठत राहतं. दाण्यांतला फॉस्फरसही तसाच फॉस्फेट होऊन साठतो.

समुद्रात हा हिशेब कुणाला करावा लागत नाही, कारण तिथे पाणी अफाट आणि मासे त्या मानाने मोजके. आपल्या घरी दोनशे लिटर पाणी आणि पाच मासे. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेताला घालतो तेच खत. खत, पाणी आणि उजेड एकत्र आले की काहीतरी हिरवं उगवणारच. तापीवर सिंगणपोरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जलपर्णी माजते आणि महापालिकेला ती यंत्रं लावून काढावी लागते, तिच्यामागेही हेच कारण आहे: साचलेलं गोडं पाणी आणि त्यात वरून वाहून आलेलं खत.

तेव्हा टाकीत हिरवं काही उगवायचंच आहे. प्रश्न एवढाच, की ते काय असावं आणि कुठे उगवावं. काचेवरचं शेवाळ सूक्ष्म असतं, पसरतं, हाताला लागत नाही. समुद्रात दुसरंही शेवाळ असतं: मोठं, मुठीत धरता येणारं, उचलून बाहेर काढता येणारं. दोघांचं अन्न एकच. मोठं शेवाळ भरपूर उजेडात जोमाने वाढू लागलं की पाण्यातलं खत आधी तेच ओढून घेतं आणि काचेवरच्या पापुद्र्याच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

२. लसूणघासाचं गणित

खानदेशात ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना लसूणघास ठाऊक असतो. एकदा लावला की मुळं ठेवून कापायचा, पुन्हा फुटतो, पुन्हा कापायचा. घासाने जमिनीतलं जे खाल्लं ते शेताबाहेर जातं ते कापून भारा गोठ्यात नेला तेव्हाच. कापलाच नाही आणि तिथेच कुजू दिला, तर खाल्लेलं सगळं परत मातीत. टाकीतल्या मोठ्या शेवाळाचं अगदी असंच आहे. शेवाळ खत 'नाहीसं' करत नाही, ते फक्त अंगात बांधून ठेवतं. टाकीबाहेर ते तुम्ही न्यायचं, कात्रीने.

आता थोडा हिशेब करू. सगळे आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज येतो.

समजा, रोज एक ग्रॅम कोरडे दाणे घालता आणि त्यांत ४५ टक्के प्रथिनं आहेत. प्रथिनांच्या वजनाला सव्वासहाने भागलं की नायट्रोजन मिळतो, म्हणजे इथे सुमारे ७० मिलिग्रॅम. त्यातला एक तृतीयांश माशांच्या अंगी लागला असं धरा. उरले रोजचे साधारण ५० मिलिग्रॅम. महिन्याचे दीड ग्रॅम. हा सगळा नायट्रोजन नायट्रेट झाला तर वजन साडेचार पटीच्या जवळ जातं, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या वर. दोनशे लिटर पाण्यात ते विरघळलं की लिटरमागे ३३ मिलिग्रॅम. टाकीत नाजूक प्राणी असतील तर एवढं नायट्रेट जास्तच झालं, आणि ही फक्त एका महिन्याची भर.

आता दुसरी बाजू. पाणी निथळून तोललेल्या १०० ग्रॅम ओल्या शेवाळात कोरडा भाग सुमारे १० ग्रॅम. त्यात नायट्रोजन ३ टक्के धरला तर ०.३ ग्रॅम. दीड ग्रॅम बाहेर काढायचा तर महिन्याला ५०० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला सव्वाशे ग्रॅम शेवाळ कापायला हवं. दोन मुठी भरतील एवढं. प्रत्यक्षात यापेक्षा कमी पुरतं, कारण दगडांच्या आतल्या प्राणवायू नसलेल्या कप्प्यांत राहणारे जीवाणू थोडं नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू हवेत सोडतात, आणि तुम्ही अधूनमधून पाणी बदलताच. पण कुणी लिंबाएवढा गोळा टाकीत सोडून "शेवाळ लावलं तरी फरक नाही" म्हणत असेल, तर त्याला हा हिशेब दाखवावा.

एक आणखी. मोठ्या शेवाळाच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सरासरी ३० अणू असतात. समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म शेवाळात हेच प्रमाण १६ आहे. म्हणजे मोठं शेवाळ नायट्रेट झपाट्याने उतरवतं, फॉस्फेट त्या मानाने हळू. त्यामुळे कधी कधी नायट्रेट शून्यावर येतं, फॉस्फेट तसंच राहतं आणि शेवाळाची वाढ थांबते. एका पायावर चालता येत नाही तसंच हे. अशा वेळी फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे गाळणीत घालावे लागतात.

३. ही युक्ती नवी नाही

१८४६ साली अॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे. पुढे बाईंनी भांड्यात समुद्री शेवाळ ठेवलं आणि ओतण्याचे कष्ट कमी झाले. मोलकरणीचं नाव इतिहासात राहिलं नाही, हे ओघानेच आलं. १८५०मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यात मासे, गोगलगाय आणि पाणवनस्पती यांचा मेळ बसवून दाखवला. खाऱ्या पाण्यात तोच प्रयोग करताना लाल-तपकिरी शेवाळापेक्षा हिरवं शेवाळ बरं टिकतं हे त्याच्या ध्यानात आलं. मग १९८०च्या सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी प्रवाळाच्या मोठ्या टाकीचं पाणी केवळ शेवाळाच्या जाळीवरून खेळवून स्वच्छ ठेवलं. आजच्या घरगुती टाक्यांतली पद्धत त्याच वाटेवरची आहे.

४. कोणतं शेवाळ घ्यावं?

नवशिक्याने कीटोमॉर्फा घ्यावं. छंदवाले त्याला 'चीटो' म्हणतात. कडक, न फांद्या फुटणाऱ्या हिरव्या धाग्यांचा गुंता. एक धागा भिंगाखाली धरा: एकापाठोपाठ एक डब्यासारख्या पेशींची रांग दिसेल, मध्ये कुठे गाठ नाही की शाखा नाही. बोटाने चुरगळला तर ओल्या नायलॉनसारखा कुरकुरतो. त्याला मूळ लागत नाही, दगडाला चिकटत नाही, पाण्यात गोळा होऊन फिरत राहतं. हवं तेवढं तोडायचं, उरलेलं परत टाकायचं. याच कुळातलं एक शेवाळ कोकणात लाटांचा मार खाणाऱ्या खडकांवर ताठ झुपक्यांनी उगवतं. पण ते खडकाला धरून, फेसाळत्या पाण्यात राहणारं. टाकीसाठी तरंगणारी जातच बरी.

दुसरं उल्वा. ओहोटीला वेरावळ, दीव, मालवण, हणजूण कुठेही खडकांवर पातळ हिरव्या पानांसारखं पसरलेलं दिसतं, पावसाळा सरल्यापासून मार्चपर्यंत विशेष. ते पान जेमतेम दोन पेशींइतकं जाड असतं. त्यामुळे त्याची प्रत्येक पेशी पाण्याला लागून असते आणि खत फार भराभर ओढते. खाऱ्या पाण्यातले शाकाहारी मासे ते आवडीने खातात. कडा पांढऱ्या पडल्या की समजावं, पेशींनी बीजं सोडली. तेवढा भाग कापून टाकावा.

तिसरं हॅलिमेडा, शोभेचं. याच्या शरीरात चुना असतो, चपट्या हिरव्या चकत्यांची साखळीच ती. रात्री ते आपले हरितकण आत ओढून घेतं आणि फिकट पडतं, सकाळी पुन्हा हिरवं. पाहायला सुरेख, पण पाण्यातलं कॅल्शियम खातं आणि सावकाश वाढतं. पाणी स्वच्छ करण्याच्या कामाचं नाही.

आणि चौथं कॉलर्पा. याच्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे.

कॉलर्पा दिसतं एखाद्या वेलीसारखं. आडवं धावणारं खोड, खाली वाळू धरणाऱ्या मुळ्या, वर पिसासारखी किंवा द्राक्षांच्या घडासारखी पानं. पण खोड, मुळी, पान ही तिन्ही नावं आपण सोयीसाठी दिली, कारण हे सगळं मिळून एकच पेशी आहे. मध्ये कुठेही भिंत नाही. आत पेशीरस अखंड वाहतो आणि त्यात अगणित केंद्रकं. काही जातींत ही एक पेशी मीटरभराहून लांब जाते. कापली तर सगळा रस सांडून जायला हवा, पण काही मिनिटांत जखमेच्या तोंडाशी चिकट बूच तयार होतं आणि दोन्ही तुकडे जगतात. वाढ इतकी जोरात, की नायट्रेट उतरवण्यात याचा हात धरणारं दुसरं शेवाळ क्वचितच.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण प्रजननाची. कॉलर्पाला वीण घालायची लहर आली की ते बाजूला काही राखून ठेवत नाही. सगळ्या शरीराचंच बीज करतं. एका संध्याकाळी पानं फिकट आणि ठिपकेदार दिसतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यात हिरवा धूर पसरतो आणि मागे उरते काचेसारखी पारदर्शक, रिकामी कात. पनामाच्या प्रवाळखडकांवर या गटातल्या अनेक जाती अशा पहाटे वीण घालताना संशोधकांनी टिपल्या आहेत. समुद्रात हे ठीक. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र महिनाभर बांधून ठेवलेलं सगळं खत एका सकाळी परत पाण्यात उतरतं. ते कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड वासतात. असं झालंच तर हवेचा पंप जोरात लावून निम्मं पाणी बदलावं. नियमित छाटणी केली, दिवाबत्तीच्या वेळा एकसारख्या राखल्या तर हा धोका बराच कमी होतो, पण संपत नाही.

दुसरी अडचण टाकीबाहेरची. १९८४ साली मोनाकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयासमोर, भूमध्य समुद्राच्या तळाशी, कॉलर्पा टॅक्सिफोलिया या जातीचा चौरस मीटरभर पट्टा दिसला. ती जात तिथली नव्हतीच. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात टाकीत वाढवलेला तिचा वाण युरोपातल्या मत्स्यालयांत फिरत होता. थंडीला काटक असा. १९८९पर्यंत तो पट्टा हेक्टरभर झाला. नीसचे अलेक्झांडर माइनेझ यांनी धोक्याची घंटा वाजवली, बरीच वर्षं वाद घालण्यात गेली आणि तोवर शेवाळ बोटींच्या नांगरांना चिकटून दूरदूरच्या बंदरांत पोचलं. माशांना ते खाववत नाही, कारण त्यात विषारी द्रव्य आहे. २००० साली हाच वाण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या दोन खाजणांत सापडला. तिथल्या लोकांनी वेळ दवडला नाही. शेवाळावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं आणि २००६मध्ये ते संपल्याचं जाहीर केलं. खर्च ७० लाख डॉलरच्या घरात. एवढं सगळं कुणीतरी टाकीचं पाणी ओतून दिलं म्हणून.

माझं मत विचाराल तर घरच्या टाकीत कॉलर्पा नकोच. चीटो संथ आहे, पण घात करत नाही.

५. सुरतेत समुद्र आहे, मग पाणी डुमसहून का आणू नये?

हा प्रश्न सुरतेतच विचारला जाईल असा आहे. डुमस जवळ, सुवाली जवळ, पाणी फुकट. पण डुमसच्या किनाऱ्यावर उभं राहून पाहा: पाणी गढूळ, वाळू काळी, आणि शेवाळाचा मागमूस नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा खेळ जबर आहे. वर भावनगरकडे दोन्हींतला फरक १० मीटरच्या पुढे जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होताना तळाचा गाळ घुसळत राहतं, त्यात नर्मदा आणि तापीचा गाळ येऊन मिळतो. अशा पाण्यात उजेड फार खाली उतरत नाही, आणि चिखल-वाळूत धरायला खडकही नाही. शेवाळाला दोन्ही हवं असतं. शिवाय तापीच्या मुखाशी शहराचं सांडपाणी आणि हजिराचे कारखाने. ते पाणी टाकीसाठी आणू नये.

गुजरातचं शेवाळ पाहायचं तर सौराष्ट्राच्या खडकाळ टोकाला जावं: ओखा, द्वारका, पोरबंदर, वेरावळ. बोर्गेसन नावाच्या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या आणि तपकिरी शेवाळांवर १९३०पासून लेखमाला लिहिली, तिच्यात ओखा-द्वारकेची शेवाळं मोठ्या संख्येने आहेत. आज या विषयावर भावनगरची केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्था काम करते. ती १९५४ साली सुरू झाली. आता कुणी म्हणेल, मग ओख्याहूनच मूठभर आणू. तर कच्छच्या आखातातला काही भाग १९८२पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काहीही उचलणं गुन्हा. आणि शेवाळ चिकटलेला 'जिवंत दगड' म्हणून कुणी प्रवाळाचा तुकडा विकत असेल तर घेऊ नका. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. शेवाळ घ्यावं ते दुसऱ्या छंदवाल्याच्या टाकीतलं. चीटो वाढवणाऱ्याकडे ते नेहमी उरलेलंच असतं, बहुतेक जण फुकट देतात.

मग पाणी कुठलं? नळाचं पाणी आरओ यंत्रातून काढायचं आणि त्यात मत्स्यालयाचं तयार मीठ विरघळवायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्के असतात खरे, पण उरलेल्या १५ टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असतात आणि जीव त्यांच्यावर तगतो. घनतामापकावर २५ अंशाला १.०२६ आलं की पाणी समुद्राइतकं खारं झालं.

ते खारेपण टिकवणं हे पुढचं काम. सुरतेत एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीच्या वर, कधी चाळिशीला टेकतो. टाकी मात्र २५-२७ अंशांवर हवी. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी उडून टाकी थंड होते. एक लिटर पाणी वाफ होताना एवढी उष्णता नेतं, की तेवढीने दोनशे लिटर पाणी जवळपास तीन अंशांनी उतरावं. पण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. दोनशे लिटरच्या टाकीत ७ किलो मीठ आहे. रोज ४ लिटर पाणी उडालं आणि आठवडाभर भर घातली नाही, तर १७२ लिटरमध्ये तेच ७ किलो, म्हणजे लिटरला ४० ग्रॅमच्या वर. मासे आणि शेवाळ दोघंही हे सोसत नाहीत. भर रोज घालायची, आणि ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. नवखे इथे खारं पाणी घालतात आणि टाकी दिवसेंदिवस आणखी खारट होत जाते. जुलैत हवाच दमट असते, तेव्हा पंख्याचा उपयोग निम्मा. शीतक यंत्र परवडत नसेल तर टाकी घरातल्या सगळ्यात गार भिंतीशी ठेवावी.

६. शेवाळाची रात्रपाळी

शेवाळ मुख्य टाकीत ठेवलं तर मासे खातात आणि दिसायलाही पसारा होतो. म्हणून टाकीखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी ठेवतात, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी नळीने तिच्यात उतरतं, पंप ते परत वर ढकलतो. सम्पचा एक कप्पा शेवाळासाठी राखून ठेवायचा. या कप्प्याला रेफ्युजियम असं नाव आहे, आणि शेवाळाच्या गुंत्यात बारीक कोळंबीवजा जीव माशांपासून सुरक्षित वाढतात, हा त्याचा वरचा फायदा.

कप्प्यावर दिवा हवा. हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड जास्त शोषतं, त्यामुळे गुलाबी-जांभळे दिवे मिळतात. पण भिंतीवर लावतात तो साधा पांढरा २० वॉटचा एलईडी फोकसही चालतो. बारा तास लावला तर महिन्याला सात-साडेसात युनिट. पाण्याला एवढी ओढ असावी, की गोळा हळूहळू उलटत राहील. नाहीतर वरचा थर हिरवा आणि पोटातला अंधारात कुजलेला.

दिवा रात्री लावावा, मुख्य टाकीचे दिवे बंद असताना. याला कारण आहे. दिवसा वरच्या टाकीतलं हिरवं कार्बन डायऑक्साइड खातं, म्हणून पाण्याचा सामू वाढतो. रात्री खाणारं कुणी नसतं, श्वास सगळेच सोडतात, आणि सामू खाली येतो. खालच्या कप्प्यातलं शेवाळ रात्री जागं ठेवलं तर हा चढउतार कमी होतो, पहाटे प्राणवायूही कमी पडत नाही. एसीसाठी दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत हे जास्तच उपयोगी, कारण तिथे माणसांच्याच श्वासाने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो.

७. कात्री कधी लावायची?

गोळ्याने कप्पा दोन तृतीयांश भरला की. निम्मा किंवा तिसरा हिस्सा काढायचा, आणि काढताना पोटातला फिकट भाग आधी. कापलेलं घट्ट पिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावं आणि वहीत लिहावं. नायट्रेट मोजण्याच्या बाटल्यांपेक्षा ही वही लवकर बोलते. वजन दर आठवड्याला सारखं येत असेल तर टाकी ठीक. एकदम उतरलं तर कारण शोधा. सगळं शेवाळ पिवळट पडलं असेल तर बहुधा खतच संपलं: नायट्रेट शून्यावर आणू नये, लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास राहू द्यावं. नायट्रेट असूनही फिकट असेल तर लोह कमी पडतंय, त्याचे थेंब मिळतात. आणि हिरवं असूनही वाढत नसेल तर दिवा कमी आहे.

कापलेलं शेवाळ तापीत, खाडीत किंवा गटारात टाकू नका. गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढा आणि झाडाच्या कुंडीत घाला.

शेवटी एक गोष्ट खर्चाची. हा सगळा खटाटोप शंभर-दीडशे लिटरच्या वरच्या टाकीला शोभतो. तुमच्याकडे पन्नास लिटरची टाकी आणि दोन मासे असतील तर दुसरी टाकी, पंप, दिवा यांच्या भानगडीत पडू नका. दर आठवड्याला पाच लिटर पाणी बदला आणि दाणे हात राखून टाका. तेवढ्यावर काम भागतं.